जेमतेम पाच फुटी शेरीफ आणि साडेसात इंची नळी

रिव्हॉल्व्हरची नळी किती लांब असावी, या विषयावर मी अर्धा तास न थांबता बोलू शकते. माझ्याकडे बघून हे कुणाला खरं वाटत नाही. पर्समध्ये आवळासुपारी, गुडघ्याला पट्टा, आणि बाई सांगतायत काय, तर पावणेपाच इंची आणि साडेपाच इंची नळीतला फरक! लग्नाकार्यात एखादे निवृत्त फौजदार भेटले की मी मुद्दाम हा विषय काढते. बिचाऱ्यांचा जिलबीचा हात थांबतो. "वहिनी, तुम्हाला हे सगळं कुठे...?" मी म्हणते, "बहारीनला," आणि मठ्ठा घ्यायला उठते. त्यांना तसंच लोंबकळत ठेवण्यात मला फार आनंद होतो. तुम्हाला मात्र सगळं सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बहारीनच्या झिंज भागात राहायचो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, आणि वर आमचा फ्लॅट. मी एका कंपनीत टायपिस्ट होते, पण ते पोटापुरतं. माझं खरं काम म्हणजे मराठी मंडळाचं वार्षिक नाटक. लिहायचं मी, बसवायचं मी, ओरडायचं मी. आमचे हे शेवटच्या रांगेत बसून "ऐकू येत नाही!" असं म्हणायचे. ते काम त्यांच्याइतकं कुणालाच जमत नसे.

आदल्या वर्षी आम्ही ऐतिहासिक केलं होतं. पुठ्ठ्याच्या तलवारी घामाने मऊ पडल्या आणि ऐन लढाईत माना टाकू लागल्या. म्हणून या वर्षी कमिटी म्हणाली, काहीतरी वेगळं करा. मी म्हटलं, काऊबॉय! मग मी हिशेब मांडला. जीन्स सगळ्यांकडे आहेत. बूट म्हणून प्रत्येकाचे कंपनीचे सेफ्टी शूज. टोप्या बाजारात ढिगाने मिळतात. आणि वाळवंट तर दाराशीच आहे. नाटक मी आठ दिवसांत लिहून काढलं. वाळवंटातलं एक गाव, गावात एकच विहीर, विहिरीवर एक गुंड ठाण मांडून बसलेला. शेरीफ येतो आणि विहीर सोडवतो. काऊबॉय असले तरी भांडण पाण्याचं, त्यामुळे आमच्या प्रेक्षकांना ते परकं वाटणार नव्हतं.

आता शेरीफ कोण? मंडळात पुण्याचा एक इंजिनिअर होता, सहा फूट उंच, आवाज खणखणीत, नायक कायम तोच. पण त्याने संहिता वाचली आणि म्हणाला, "मी गुंड करतो. सगळी चांगली वाक्यं त्यालाच आहेत." खरं होतं ते. वाईट माणसं लिहिताना माझी लेखणी जरा जास्तच धावते. शेरीफची जागा रिकामी झाली. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले भाऊ म्हणाले, "ताई, मी करू?"

भाऊ म्हणजे बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, झल्लाकच्या एका हॉटेलात व्हॅन चालवणारे, संगमेश्वराकडचे गृहस्थ. वय पन्नाशीला टेकलेलं, उंची जेमतेम पाच फूट, आवाज असा की शेजारच्याची झोप मोडू नये. मंडळाच्या प्रत्येक नाटकात ते असायचे. कधी भालदार, कधी हवालदार, कधी गडी. वाक्य मिळालं तर एक, तेही "जी सरकार" या धर्तीचं. कुणाकडे कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मला काय सुचलं, सांगू? सहा फुटी गुंडापुढे पाच फुटी शेरीफ! नुसते समोरासमोर उभे राहिले तरी हशा. मी ताबडतोब म्हटलं, "तुम्हीच करा." माझ्या डोक्यात हशा होता. त्यांच्या डोक्यात काय होतं, ते मला नंतर कळलं.

उरलं रिव्हॉल्व्हर. त्या वर्षांत बहारीनमध्ये निदर्शनं-दंगलींमुळे वातावरण तंग असायचं, रस्त्यात गाड्या थांबवून तपासत. खेळण्यातलं पिस्तूल मुंबईहून मागवायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे लाकडाचं करणं आलं. आणि करायचं तर नीट करायचं, हा माझा जुना रोग. आमच्या ऑफिसात टेक्सासचा एक म्हातारा इंजिनिअर होता. मी त्याला विचारलं, काऊबॉयचं रिव्हॉल्व्हर कसं असतं? म्हाताऱ्याने हातातलं काम बाजूला सारलं. त्याला असा प्रश्न बहारीनमध्ये पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. त्याने एका जुन्या नकाशाच्या पाठीवर चित्र काढलं आणि मला समजावलं, की हे रिव्हॉल्व्हर नुसता चाप ओढून उडत नाही. प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. 'खट्ट' असा आवाज होतो. मग चाप.

खट्ट! आणि त्या खट्टनंतरची शांतता! नाटकवालीला आणखी काय हवं?

"नळी केवढी हवी?" त्याने विचारलं.

"केवढीही चालेल."

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुरणपोळीत काहीही घाला म्हणाले. नळ्या तीन मापांच्या, तो म्हणाला. पावणेपाच इंची, साडेपाच इंची आणि साडेसात इंची. आखूड नळी म्यानातून चटकन बाहेर येते. लांब नळीने नेम चांगला धरता येतो आणि समोरच्यावर छापही पडते, पण ती उपसायला वेळ लागतो. "आणि मधली?" मी विचारलं. "मधली घेणाऱ्याला दोन्हींतलं काही मिळत नाही," तो म्हणाला, "पण तो तक्रारही करत नाही."

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "साडेसात नको. माझी साडेसाती अजून संपायची आहे, तिला इंच कशाला जोडतेस?"

मिस्त्री आमचे ठरलेले. श्रीवर्धनकडचे चाचा, अरबांच्या बंगल्यांचे नक्षीदार दरवाजे करायचे. मी चित्र पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय गो बाय, दरवाजा सांग, खिडकी सांग. ह्यो काय नवा धंदा काढलास? आमाला आत बसवतेस काय?"

"चाचा, लाकडाचंच आहे."

"लाकडाचा हाय ता मला कलला. पोलिसाला कोन सांगल?"

पण केलं त्यांनी, आणि फार सुंदर केलं. मूठ एक आणि नळ्या तीन, खुंटीवर बसवायच्या आणि काढायच्या. घोड्याखाली पत्र्याची पट्टी अशी बसवली होती की अंगठ्याने ओढला की खणखणीत 'खट्ट' वाजे. रंग मात्र नाटकाच्या दिवशीच, हॉलवरच लावायचा, ही त्यांची अट. परत येताना आमची गाडी तपासायला थांबवलीच. पोलिसाने डब्यातून साडेसात इंची नळी काढली आणि उजेडात धरली. आमच्या ह्यांनी शांतपणे दोन्ही हातांनी पोळी लाटून दाखवली. पोलीस हसला. "खलास, यल्ला," म्हणाला, म्हणजे झालं, निघा. अर्धवट शस्त्राला लाटणं म्हणून सोडवून आणणारा नवरा सगळ्यांच्या नशिबी नसतो.

मग झाली नळ्यांची परीक्षा. मंडळाच्या हॉलमध्ये भाऊ स्टेजवर, कमरेला चामडी म्यान, समोर गुंडाच्या भूमिकेतला पुण्याचा इंजिनिअर, आणि शेवटच्या रांगेत आमचे हे.

पहिली नळी पावणेपाच इंची. भाऊंनी झटकन उपसली. मी खूश. मागून आवाज आला, "हातात काय आहे? टीव्हीचा रिमोट?"

दुसरी साडेपाच इंची. जरा अडखळत का होईना, निघाली. "आता काय दिसतंय?" मी ओरडले. "केस वाळवायचं यंत्र!"

तिसरी साडेसात इंची. म्यानात उभी असतानाच हॉलमध्ये कुणीतरी "वा!" म्हणालं. लांबलचक, देखणी नळी, भाऊंच्या गुडघ्यापर्यंत पोचल्यासारखी दिसणारी. भाऊंनी मूठ धरली आणि ओढली. कोपर वर गेलं. आणखी ओढली. कोपर कानाला लागलं. नळी म्यानातच. शेवटी म्यान, पट्टा आणि त्याबरोबर भाऊंची पँट, अशी सगळी वरात बरगड्यांपर्यंत वर आली, पण रिव्हॉल्व्हर काही बाहेर पडेना. हात आखूड पडत होता, सरळ गोष्ट होती.

इंजिनिअर विहिरीच्या कठड्यावर बसून बघत होता. "काका," तो म्हणाला, "तुमचं होईपर्यंत मी जेवून येऊ का?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. भाऊही हसले, पण रिव्हॉल्व्हर खाली ठेवताना त्यांनी नळीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "भाऊ, मधली घेऊ. चालून जाईल."

"ताई, हीच ठेवा," ते म्हणाले. "मी करतो काहीतरी."

"अहो, पण निघत नाही ना."

"निघेल. इंशाल्ला निघेल."

कमिटीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. विनोद ठीक आहे, पण शेरीफचं पिस्तूलच निघालं नाही तर नाटक कसं पुढे जाणार? पुढच्या शुक्रवारी प्रयोग होता. रंगीत तालमीपर्यंत जमलं नाही तर इंजिनिअरला शेरीफ करा आणि भाऊंना द्या काहीतरी, असं त्यांचं म्हणणं. 'काहीतरी' म्हणजे काय ते मला माहीत होतं. दारूच्या गुत्त्यातला गडी, वाक्य एक.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात भाऊंची बायको आली.

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच येत होती. भाऊंच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. हॉटेलच्या मॅनेजरने मेहेरबानी करून एक महिन्याचा व्हिजिट व्हिसा काढून दिला होता. पण भाऊ राहायचे स्टाफच्या खोल्यांत, तिथे बायकांना मज्जाव. म्हणून वहिनी उतरल्या आमच्याकडे झिंजला. रोज संध्याकाळी ड्युटी संपवून भाऊ झल्लाकहून यायचे, हातपाय धुऊन, भांग पाडून, खिशाला अत्तर लावून. आपल्याच बायकोला भेटायला पाहुण्यासारखे! मी आमच्या ह्यांना लगेच खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये पिटाळायची आणि स्वतः गच्चीवर कपडे काढायला जायची. वाळत घातलेले नसले तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्याबरोबर लसूण सोलत बसल्या होत्या. सडपातळ, तरतरीत बाई, बोलणं थोडं आणि बघणं पुष्कळ. सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "हे नेहमी मोठं काम करतात ना वो मंडळात?"

माझ्या हातातली पाकळी हातातच राहिली. म्हणजे भाऊंनी घरी सांगितलं होतं तर! तो भालदार, तो हवालदार, तो 'जी सरकार'वाला माणूस गावाकडे नायक होता. आणि आता खरोखरची मोठी भूमिका मिळाली होती, आणि ती बघायला बायको येऊन बसली होती. म्हणून त्यांना आखूड नळी नको होती. म्हणून मधलीही नको होती.

आता माझा स्वभाव बघा. खोटं बोलायची अशी पवित्र संधी मी सोडीन? मी सुरूच झाले. मागच्या वर्षी भाऊ सिंहासनावरून कसे कडाडले, त्याच्या आदल्या वर्षी मरणाच्या प्रसंगात त्यांनी सगळा हॉल कसा रडवला, बायका पदर डोळ्यांना लावून कशा बाहेर पडल्या. पदर कसा लावला तेही करून दाखवलं. वहिनी एकीकडे लसूण सोलत सगळं ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुमी फार छान बोलता, ताई. पन हे भालदार होते ना?"

मी निमूट पुढची पाकळी सोलायला घेतली. माझ्यासारखी बाई बोलायचं सोडून लसूण सोलते, यावरून काय ते समजा.

मग त्यांनी सांगितलं. त्या काळी आखातातली माणसं घरी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. भाऊही पाठवायचे. खुशाली सांगून झाली की नाटकातलं नायकाचं भाषण म्हणून दाखवायचे, अगदी आवाज चढवून. "सगळं पाठ केलेलं कळायचं," वहिनी म्हणाल्या. "मधेच एकदा हळूच म्हनायचे, 'जी सरकार'. ते मात्र खरं वाटायचं. मी म्हटलं, हेच ह्यांचं काम." टोपलीतली सालं गोळा करता करता त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नका, मला ठाऊक हाय म्हनून. पन ह्या टायमाला खरं मोठं मिळालंय ना?"

"मिळालंय," मी म्हटलं. "पण पिस्तूल निघत नाही."

संध्याकाळी भाऊ आले. आज मी गच्चीवर गेले नाही. त्यांच्यावर इंजिनिअरची टांगती तलवार होती, तीही पुठ्ठ्याची नव्हे. मी त्यांना पॅसेजमध्ये आरशासमोर उभं केलं. "काढा!" ते काढत राहिले, मी ओरडत राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक.

"अहो," त्या म्हणाल्या, "हात मागं कशाला जातोय तुमचा?"

मी बघितलं. खरंच! दर वेळी मी 'काढा' म्हटलं की भाऊंचा हात आधी पाठीमागे, कमरेच्या मधोमध जायचा, तिथे काही सापडायचं नाही, मग आठवण होऊन तो बाजूच्या म्यानाकडे यायचा.

"सवय," भाऊ ओशाळून म्हणाले.

सवय कसली ते वहिनींनी मला समजावलं. लग्नाआधीपासून भाऊ लोकांच्या बागांतल्या सुपाऱ्या आणि नारळ उतरवायचे. झाडावर चढायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून कमरेमागे लाकडाची आकडी बांधायची आणि तिच्यात कोयती अडकवायची. वर पोचलं की न बघता हात मागे न्यायचा आणि कोयती काढायची. "आकडीतनं वस्तू अशी वर ओढायची नसते," त्या म्हणाल्या, "बाजूला काढायची. कोयती केवढीही असू दे."

म्यानातून साडेसात इंच बाहेर काढायला हात साडेसात इंच वर न्यावा लागतो. आकडी तर एका बाजूने उघडीच! आम्ही सगळे इतके दिवस नळी आखूड करायच्या मागे लागलो होतो, आणि भांडण नळीचं नव्हतंच, म्यानाचं होतं. सिनेमात शेरीफच्या कमरेला बाजूला म्यान असतं, म्हणून आम्हीही बाजूला म्यान लावलं. संगमेश्वरचा शेरीफ कसा असतो, हे आम्हाला कुठल्या सिनेमात दिसणार?

वहिनी कणकेच्या हातानेच कपाटाकडे गेल्या. आमच्या ह्यांच्या एकुलत्या एका सुटाचा लाकडी हँगर काढला, भाऊंनी तो सुरीने कापून तासला, नाडीने कमरेमागे बांधला. लांब नळीचं रिव्हॉल्व्हर त्यात अडकवलं. मी दोन पावलं मागे सरले. "काढा!"

मला हात गेलेला दिसलाच नाही. रिव्हॉल्व्हर माझ्या नाकासमोर होतं आणि 'खट्ट' वाजून गेलं होतं. मी अशी किंचाळले की खालचा कोल्ड स्टोअरवाला मल्याळी जिना चढून वर आला. "क्या हुआ, चेच्ची?" चेच्ची म्हणजे मल्याळीत ताई. मी म्हटलं, "नाटक." तो नेहमीच्या सवयीने मान हलवून खाली गेला. तव्यावरची पोळी पार कोळसा झाली होती, आणि भाऊ पुन्हा पुन्हा आकडीत अडकवून पुन्हा पुन्हा काढत होते. वहिनी म्हणाल्या, "पुरे आता. जेवा." पण बघत राहिल्या.

रंगीत तालमीत इंजिनिअरने नेहमीसारखं "काका, मी जेवून—" एवढंच म्हटलं, आणि नळी त्याच्या छातीवर होती. त्याने दोन्ही हात वर केले. संहितेत नव्हते ते. अध्यक्ष म्हणाले, "शेरीफ हाच."

आणि आला तो शुक्रवार. हॉल भरलेला. चाचांनी दुपारीच रिव्हॉल्व्हर काळं केलं होतं, रंग पुरता वाळला नव्हता, मुठीला हात लावेल त्याचा पंजा काळा. वहिनींना मी दुसऱ्या रांगेत मधोमध बसवलं. केवड्याच्या रंगाचं लुगडं, नाकात नथ. मी विंगेत. नाटक झकास चाललं. उंच गुंड आणि ठेंगणा शेरीफ समोरासमोर आले तेव्हा माझा हिशेबातला हशा वसूल झाला. आणि मग तो प्रसंग. गुंड विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवून उभा. भाऊंचे दोन्ही हात मोकळे, कमरेच्या बाजूला काहीच नाही. लोकांना वाटलं, हा निःशस्त्र आलाय. गुंड खदाखदा हसला. आणि भाऊंनी काढलं.

सगळ्या हॉलने श्वास ओढला. शेवटच्या रांगेत आमचे हे उठून उभे राहिले. साडेसात इंची नळी, दिव्यात चमकणारी. खट्ट! आणि तीच शांतता, जिच्यासाठी मी एवढा खटाटोप केला होता.

आता वाक्य. "पाणी कुणाच्या बापाचं नाही. विहीर सोड!" एवढंच.

शांतता चालू राहिली.

भाऊंची नजर दुसऱ्या रांगेत गेली होती. तिथे नथ होती. मी विंगेतून कुजबुजले, "पाणी... पाणी..." दुसऱ्या विंगेतल्या माणसाला वाटलं मलाच पाणी हवंय, तो तांब्या घेऊन धावला. इंजिनिअर दातांतून म्हणाला, "काका, बोला." भाऊंच्या ओठांची नुसती हालचाल. आणि नळीचं टोक थरथरायला लागलं. मुठीपाशी केसाएवढं हलत असेल, पण टोकाशी ते चांगलं दिसत होतं. आखूड नळी असती तर कुणाला कळलंही नसतं. एवढ्या वर्षांच्या कॅसेटी, आणि आता बायकोसमोर हे.

दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, गावच्या पाणवठ्यावर पलीकडच्या बाईला हाक मारावी तसा.

"'विहीर सोड' म्हना की वो त्याला!"

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसायला लागले. मी डोळे मिटून घेतले. संपलं, मला वाटलं, भाऊ आता स्टेजवरून उतरणार. डोळे उघडले तर ते तिथेच उभे. हशा ओसरेपर्यंत थांबले. नळीचं टोक स्थिर झालं होतं. मग गुंडाकडे वळून, शेजारच्याची झोप मोडू नये अशा त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस? घरून हुकूम आलाय. सोड."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, कारण आमचे हे पहिल्यांदाच काही ओरडले नाहीत. इंजिनिअर नट म्हणून कसाही असो, माणूस चांगला. त्याने टोपी काढली, दुसऱ्या रांगेला लवून मुजरा केला आणि विहिरीवरून उतरला. मरायचं विसरलाच. आत गोळीच्या आवाजासाठी फळी घेऊन बसलेल्या सभासदाला आता काय करायचं ते कळेना, त्याने उशिराने फळी आपटली. धाड! निघून चाललेला गुंड दचकून मागे बघत नाइलाजाने पडला. पडद्यानंतरही टाळ्या थांबत नव्हत्या.

भाऊ मात्र आत एका खोक्यावर मान खाली घालून बसले. "पाठ होतं हो, ताई. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तिच्यासमोरच..."

तेवढ्यात वहिनी आत आल्या. त्यांच्यामागे पाच-सहा बायका, "शेरीफच्या मिसेस ना तुम्ही?" करत. वहिनी बायकांना म्हणाल्या, "होय, ह्यांचीच," आणि भाऊंपुढे येऊन उभ्या राहिल्या. भाऊंनी वर बघितलं नाही.

"मोठं काम होतं म्हनून विसरलात," त्या म्हणाल्या. "बारक्या कामात विसरायला असतं काय?"

भाऊंनी हळूच मान वर केली. त्यांना काय समजलं आणि किती, ते मी विचारलं नाही. एवढंच दिसलं, की त्यांचे खांदे खाली आले, ओझं उतरवल्यावर हमालाचे येतात तसे.

मंडळाचा फोटोवाला आला. नायकाचा फोटो! भाऊ उठले, वहिनींना ओढून शेजारी उभं केलं. पण रिव्हॉल्व्हर मध्ये यायला लागलं. इकडे धरलं तर नळी वहिनींच्या बरगडीत, तिकडे धरलं तर फोटोबाहेर. वहिनींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि तेलाची पळी धरावी तसं अंगापासून लांब धरलं. हात काळा झाला.

"केवढं लांब करून ठेवलंय हे!" त्या म्हणाल्या. "कोनी सांगितलं एवढं लांब करायला?"

मी छताकडे बघितलं. इंजिनिअरने बुटांकडे बघितलं.

"मी," भाऊ म्हणाले. "मला पाहिजे होतं."

वहिनींनी काळ्या झालेल्या बोटांकडे बघितलं, मग फोटोवाल्याकडे.

"मग असू दे," त्या म्हणाल्या, आणि रिव्हॉल्व्हर सरळ धरून उभ्या राहिल्या.